सुट्टे नाहीत

लेकीनं कार्डावर लिहिलंय: भेट नको, नुसती ये.
पण रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहायचं
हे आईनं मला शिकवलंच नाही.
आणि दार ताइस्तोचं.
काडीमोड होऊन एकतीस वर्षं झाली.
त्याला सत्तर.

तर मार्चातल्या एका मंगळवारी मी सावोनलिन्नात,
बर्फावर टाकलेली खडी बुटाखाली करकरवत
बाजारचौकामागच्या दुकानात.

आधी स्वेटर. करडा, गळ्याशी झिप.
दुकानातला पोरगा विचारतो, माप?
कधीकाळी झोपेतून उठवलं असतंस तरी सांगितलं असतं, बाळा:
छाती, बाही,
आणि डावा खांदा बोटभर खाली,
लाकडं वाहून वाहून.
आता मी दोन्ही हात हवेत धरते,
एका माणसाएवढी जागा दाखवते,
आणि ती खरंच त्याच्याएवढी आहे का
हे मलाच सांगता येत नाही.

कॉफी? डॉक्टरांनी त्याला किती कप ठेवलेत कोण जाणे.
पुस्तक? वाचायचा तो, पण अंथरुणात, दिवा चालू ठेवून,
आमच्या शंभर भांडणांतलं ते एक.
थर्मास नको. थर्मास निवृत्तीला देतात.
फुलदाणी हातात घेतली, ठेवली.
बाईनं पुरुषाला फुलदाणी द्यायची
म्हणजे फुलं आणायचं कामही त्याच्या गळ्यात.

मग काचेखाली सुरी दिसली.
बर्चची मूठ, लाकडात आतून उमटलेल्या तांबूस लाटा,
चामड्याचं म्यान, पातं वीतभरही नाही.
त्याची जुनी माझ्या हातून तळ्यात पडली होती,
सत्त्याऐंशी साली, मासे साफ करताना.
मी त्याला सांगितलं, चोरीला गेली.

पोरगा कागद गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
धार भेट देऊ नये, नातं कापलं जातं.
एक नाणं मागून घ्या त्यांच्याकडून,
म्हणजे विकल्यासारखं होईल.
मी हसले. म्हटलं, आमचं कापून झालंय रे,
बिल कर.

शनिवारी नौका क्लबच्या हॉलमध्ये
वेलदोड्याच्या बन, तळलेले मासे,
भाषण करणारा एक मेहुणा, न थांबणारा.
ताइस्तो बारीक झालाय.
स्वेटर घेतला असता तर लोंबला असता.
कागद त्यानं फाडला नाही, चिकटपट्टी नखानं सोडवली,
(हे नवीन. पूर्वी फाडायचा.)
पातं बाहेर काढून अंगठा आडवा फिरवला,
हे जुनं.

मी म्हटलं, एक सांगायचं होतं,
ती चोरीला नव्हती गेली.
तो म्हणाला, माहीत आहे.
त्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा
धक्क्याच्या दोन पावलांवर चमकताना दिसली.
काढली का नाहीस?
तू चोराचं वर्णनसुद्धा केलं होतंस, सिर्क्का.
लाल टोपीवाला.
त्याला कुठं खोटं पाडू.

मग तो खिसे चाचपू लागला.
कोटाचा, पँटचा, आतला.
त्यालाही ठाऊक होतं ते नाण्याचं.
निघालं काय, तर कार्ड, रुमाल,
गोळ्यांची डबी, तिच्यात मंगळवारचा कप्पा अजून भरलेला.
हेइनीला विचारलं, मेहुण्याला विचारलं,
अख्ख्या हॉलमध्ये कुणाकडे एक नाणं नाही.
हल्ली कोण बाळगतं?

उधार राहू दे, मी म्हटलं.
व्याज लागेल, तो म्हणाला.

बस निघाली तेव्हा साडेचार वाजले होते.
पुलाखाली पाणी वाहतं, तिथं ते गोठत नाही;
एरवी तळं किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पांढरं.
तो क्लबच्या पायरीवर बसलेला, टोपीशिवाय,
नव्या सुरीनं एक काडी सोलत,
सालीची लांब पट्टी
न तोडता.
टोपी घाल, मी काचेआडून म्हटलं.